चार तारे

धाकटीने चार तारे पिवळे केले, पाचवा रिकामा ठेवला आणि खोकला कोणाचा घ्यावा याचा विचार करत मोबाइल गुडघ्यावर टेकवला. सासूबाईंचा खोकला गेल्या महिन्यात वाफेच्या मशीनसाठी वापरून झाला होता. नवऱ्यालाही खोकला होता, पण तो सिगारेटचा, आणि सिगारेटच्या खोकल्याची कोणाला कणव येत नाही. राहिले वडील. अप्पांच्या छातीत दर थंडीत घरघर व्हायची. ही गोष्ट खरी होती, आणि खरी गोष्ट आयती मिळत असताना खोटी रचण्याचे कष्ट घेण्यात काही अर्थ नव्हता.

'माझ्या वडिलांना जुना खोकला आहे, त्यांच्यासाठी घेतलं,' तिने लिहिलं. 'दोन महिने रोज वापरतोय. दवाखान्यातल्या यंत्राशी तीन वेळा ताडून पाहिलं, एका आकड्याचाही फरक नाही. आता घरात सगळे निर्धास्त. खोकं मात्र चेपलेलं आलं, म्हणून एक तारा कमी.'

यंत्र तिने पाहिलेलं नव्हतं. फोटोत एक निळी-पांढरी चिमटी होती, कपडे वाळत घालायच्या चिमट्याहून थोडी मोठी. बोटाला लावली की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते म्हणे तिच्या छोट्या काचेवर उमटायचं. आकडा पंचाण्णवच्या वर असला की बरं, नव्वदच्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, एवढं फोटोखाली दिलेलं होतं. तिने मजकूर एकदा वाचला, पाठवला आणि पुढच्या कामाकडे वळली. पुढचं काम बुटांच्या पॉलिशचं होतं.

दुपारी दोन ते चार ही तिची कामाची वेळ. मुलगी शाळेत, नवरा छापखान्यात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचं स्टूल तिचं एकटीचं. छापखान्यात आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं तेव्हापासून तिने हे ऑनलाइन कमावणं सुरू केलं होतं, आणि सुरुवातीला सपाटून मार खाल्ला होता. आधी टायपिंगच्या एका कामासाठी नोंदणी फी भरली. काम आलं नाही आणि फी घेणाऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवसापासून लागेनासा झाला. ती रडत बसली नाही. तिने कानाला खडा लावला, की काम देणारा आधी पैसे मागत असेल तर त्याच्याकडे काम नाही. मग रिव्ह्यू लिहायचं काम मिळालं. तिथे तिने भलतीच हुशारी केली. 'छान वस्तू आहे, सर्वांनी घ्यावी' हा एकच मजकूर बारा वस्तूंखाली डकवला, तोही स्वतःच्या नावाने. ऑनलाइन दुकानाने तिचं खातं बंद केलं आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून जिच्याकडून काम यायचं ती मॅडमच खाती पुरवायची, कोणाकोणाच्या नावाची, वस्तू घेतल्याची नोंद आधीच असलेली, आणि काम झालं की त्यांचा पासवर्ड बदलून टाकायची. मॅडमला कोणी पाहिलेलं नव्हतं. तिच्या फोटोच्या जागी सूर्यफूल होतं, आणि ती सगळ्यांना 'डिअर' म्हणायची, पैसे कापतानासुद्धा.

एवढ्या ठेचा खाल्ल्यावर धाकटी या धंद्यात मुरली. पाच तारे द्यायचे नाहीत, चार द्यायचे. पाचांवर कोणाचा विश्वास बसत नाही. एक बारीकशी तक्रार घालायची, पण वस्तूची नव्हे, खोक्याची किंवा पोचवणाऱ्याची. घरातलं एखादं माणूस आणायचं. शेजारच्या दोघी-तिघी हे शिकायला तिच्याकडे यायच्या, आणि ती स्टुलावर बसून आपल्या जुन्या चुका अशा रंगवून सांगायची की हसून हसून त्यांची पुरेवाट व्हायची. आपल्याला एखादी गोष्ट इतकी छान जमते याचा तिला मनापासून अभिमान होता. मॅडमने तर एकदा लिहिलंही होतं, 'डिअर, तुमचं वाचून मलाच घ्यावंसं वाटतं.'

'ताडून पाहिलं' हे मात्र ती कोणाला शिकवत नसे. ते तिचं घरचं होतं. अप्पांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. बाजारात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, काटेवाले म्हणत. दुकानदार म्हणायचा, काटा एकदम बरोबर आहे, नुसता पुसून द्या. अप्पा काही न बोलता पिशवीतून आपलं वजन काढायचे, पारड्यात ठेवायचे आणि मान खाली घालून बघत राहायचे. माहीत असलेल्या वजनाशी ताडल्याशिवाय त्यांनी कोणाच्या काट्याला बरोबर म्हटलं नाही. लहानपणी दोघी बहिणी त्यांच्या मागून बाजारभर हिंडायच्या. ताडलेल्या गोष्टीपुढे माणसं कशी गप्प होतात, हे धाकटीने तेव्हाच पाहून ठेवलं होतं.

दोन महिने गेले. थंडी पडली, तशी एका रविवारी सकाळी ती अप्पांकडे गेली. थोरली अप्पांजवळच राहायची. ती लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. दार तिनेच उघडलं.

"बरं झालं आलीस," थोरली म्हणाली. "चार दिवस झाले, अंथरुणातून उठले नाहीत. जेवण म्हणजे दोन घास."

"दवाखान्यात नेलं नाहीस?"

"येतायत कुठे. म्हणतात, गरज नाही. आणि खरं सांगू का, मलाही धीर आहे. यंत्र आणलंय ना."

अप्पा उशांना टेकून बसले होते. टेकले कसले, पुढे कलले होते, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, चार जिने चढून आल्यासारखे. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. तिला बघून ते हसले आणि बोलण्याऐवजी एक बोट वर करून दाखवलं. बोटाला निळी-पांढरी चिमटी होती. काचेवर सत्त्याण्णव.

धाकटी दारातच थांबली.

"ये ना," थोरली म्हणाली. "अशी काय बघतेस?"

"हे कधी घेतलंत?"

"झाले की पंधरा दिवस. मी म्हणत होते, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू. ऐकतील तर अप्पा कसले. दोन दिवस भिंग घेऊन बसले. चारशे रिव्ह्यू होते, चारशेच्या चारशे वाचले. पाच तारेवाले म्हणे हुरळलेले, आणि एक तारावाले भांडकुदळ. शेवटी एकच पसंत पडला." थोरलीने टेबलावरचा मोबाइल उचलला. "थांब, वाचूनच दाखवते. मला जपून ठेवायला लावलाय."

"नको, ताई."

"ऐक तर. 'दवाखान्यातल्या यंत्राशी तीन वेळा ताडून पाहिलं, एका आकड्याचाही फरक नाही.'"

"तीन वेळा," अप्पा म्हणाले. त्या दोन शब्दांना त्यांना दोन श्वास लागले. "माणूस एकदा ताडतं... ही बाई रीतीची आहे."

 ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने अप्पांचा हात हातात घेतला. नखं निळसर पडली होती, शाईची बोटं धुतल्यावर राहतात तशी. ओठांचाही रंग उतरला होता. खोलीतला दिवा पिवळा होता म्हणून थोरलीच्या लक्षात आलं नसेल. किंवा तिची नजर सारखी आकड्याकडेच जात असेल.

"अप्पा, चला. आत्ताच्या आत्ता जाऊ. नुसतं दाखवून येऊ."

"कशाला? सत्त्याण्णव आहे."

"हे बरोबर नसेल."

"नसेल म्हणजे?" थोरली म्हणाली. "सकाळी सत्त्याण्णव, संध्याकाळी सत्त्याण्णव. मी वहीत लिहून ठेवते रोज."

धाकटीने चिमटी अप्पांच्या बोटावरून काढली. वहीवर थोरलीची पेन्सिल पडली होती. तिने चिमटी पेन्सिलीला लावली. काच क्षणभर काळी झाली, दोन रेघा चमकल्या आणि सत्त्याण्णव उमटलं.

 अप्पा मान खाली घालून पेन्सिलीकडे बघत राहिले.

"त्याने काय होतं?" ते म्हणाले. "यंत्र बोटासाठी आहे. भलतं काही लावलं... तर भलतंच दाखवणार. बोटावर तिने ताडलंय."

"तिने लिहिलंय नुसतं, अप्पा."

"खोटं कशाला लिहील? तिचेही वडील... आजारी आहेत."

धाकटीला अजून एक वाट मोकळी होती. मूग गिळून बसायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि दोघींनी मिळून अप्पांना उचलून न्यायचं. पण अप्पा हट्टाला पेटले की पलंगाची कड सोडणार नाहीत, हे दोघींना पुरतं माहीत होतं, आणि त्या ओढाताणीत त्यांचा उरलासुरला श्वास संपला असता. त्यांच्या गळ्यापाशी कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तिने तेवढ्याच जागेकडे बघत सांगितलं.

"अप्पा, ते मी लिहिलंय."

अप्पांची नजर पेन्सिलीवरून तिच्याकडे वळली.

"ती बाई मी आहे. यंत्र मी आज पहिल्यांदा बघतेय. मला असं लिहायचे पैसे मिळतात. कशाशी काही ताडलेलं नाही."

"तू?" थोरली म्हणाली. "अगं, तू तर म्हणाली होतीस, घरून ऑफिसचं काम करते म्हणून."

अप्पांनी हात पुढे केला. तिने पेन्सिलीसकट चिमटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती सोडवली, बटण दाबून काच विझवली, उशाशी असलेल्या खोक्यात ठेवली आणि झाकण नीट बसवलं. खोकं कुठेही चेपलेलं नव्हतं. मग ते थोरलीकडे वळले.

"सदरा दे," ते म्हणाले.

दवाखान्यातल्या यंत्राने ऐंशी दाखवलं, मग एकोणऐंशी. परिचारिकेने तिसऱ्यांदा पाहिलंच नाही, सरळ चाकांची खाट मागवली. अप्पांना आत नेलं आणि दार लागलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली. वयाने धाकटीहून लहान होती, आणि तिला खाली बसायलाही वेळ मिळालेला दिसत नव्हता.

"हे तीन-चार दिवस आधी यायला हवं होतं," ती म्हणाली.

"घरी सत्त्याण्णव होतं," थोरली म्हणाली. वही तिने बरोबर आणली होती.

डॉक्टरने वही उघडली नाही. "निळं-पांढरं यंत्र का?" तिने विचारलं. "या आठवड्यातले हे पाचवे. परवा एक आजी आल्या, त्यांच्याही घरच्यांनी असंच सगळं लिहून ठेवलं होतं."

"त्या कशा आहेत?" धाकटीने विचारलं.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं आणि औषधांची चिठ्ठी थोरलीच्या हातात दिली.

बाहेरच्या बाकावर बसून धाकटीने मोबाइल काढला आणि ते पान उघडलं. तिच्या चार ताऱ्यांखाली बारीक अक्षरात आलं होतं: तेराशे सहा जणांना हा रिव्ह्यू उपयोगी वाटला. तिने पान पुन्हा उघडलं तेव्हा तेराशे सात झाले होते. कोणीतरी या मिनिटाला कोणत्यातरी घरात बसून कोणाच्यातरी श्वासासाठी तिचं वाक्य वाचलं होतं.  तिने मॅडमला लिहिलं, की रिव्ह्यू ताबडतोब काढा, यंत्र खोटं आहे, माणसं दगावतायत. उत्तर लगेच आलं.

'डिअर, ते आता तुमचं नाही. पैसे पोचलेत ना?'

आणि थोड्या वेळाने: 'उलट कंपनी तुमच्यावर खूश आहे. वडिलांचा खोकला चालला. तसेच आणखी पन्नास हवेत, वेगवेगळ्या नावांनी. भाव दुप्पट.'

मग तिने खरं काय ते स्वतःच्या नावाने लिहायला घेतलं. सवयीने वाक्यं सुबक उतरत होती. पाठवायला गेली तर लाल अक्षरं आली. नियमभंगामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. ती बारा वस्तूंची गंमत तिने शेजारणींना किती वेळा सांगितली होती, ते तिला आठवलं, आणि स्वतःची किळस आली. नवऱ्याच्या नावाने प्रयत्न केला, तर आता वस्तू विकत घेतल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. वस्तू घेतली होती थोरलीने.

"ताई, तुझा मोबाइल दे जरा."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या थोरलीने तिच्याकडे न बघता मोबाइल सरकवला. धाकटीने लिहिलं, एक तारा दिला, पाठवलं. मजकूर गेला आणि यादीत पार तळाशी जाऊन बसला, जिथे सगळे एक तारावाले होते. तिथवर ती कधी उतरली नव्हती. आता तिने ते एकामागून एक वाचले. कोणी पैसे परत मागत होतं. कोणी लिहिलं होतं, टेबलाच्या कडेलाही सत्त्याण्णव दाखवतं. एकाने नुसतं 'आई गेली' एवढंच लिहिलं होतं. त्याच्याखाली 'शून्य जणांना उपयोगी वाटलं' असं होतं. थोरलीने मोबाइलसाठी हात पुढे केला तेव्हा ती तिथेच थांबली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या खाटेशेजारच्या यंत्रावर ब्याण्णव होतं. नाकातोंडावर मास्क पट्ट्यांनी घट्ट बसवला होता आणि त्यातून हवा जोराने आत जात होती. या तीन दिवसांत अप्पा धाकटीशी एकदाही वाकडं बोलले नव्हते. तिने पाय चेपले तर चेपू देत, तिने पांघरूण सारखं केलं तर हाताने पुरे म्हणत. ते रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर तिला बरं वाटलं असतं. रात्रीपासून ती त्या दोन शब्दांचीच वाट बघत होती.

थोरली औषधं आणायला खाली गेली आणि फेरीवर आलेल्या डॉक्टरने धाकटीला दारापाशी बोलावलं.

"सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाली. "पण आज-उद्या फार जपा. मास्क काढायचा नाही. पाणी हवं असेल तरी परिचारिकेला विचारून. मास्क निघाला तर आकडा बघता बघता कोसळेल, आणि परत वर येईलच असं मी सांगू शकत नाही."

डॉक्टर पुढच्या खोलीकडे गेली. धाकटी आत वळली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं. सुधारणा आहे, हे अप्पांना आपणच सांगायचं, असं ती मनात म्हणत होती. अप्पांचा हात मानेमागे गेला होता. तिच्यादेखत त्यांनी पट्टी सोडवली आणि मास्क हनुवटीवर ओढला.

"अप्पा, काढायचा नाही तो."

"टोचतो. जरा वेळ."

"जरा वेळही नाही. डॉक्टर म्हणाल्या."

"कोणाला म्हणाल्या?"

"मला. आत्ता, दारापाशी."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. समोरच्याला आपल्यामुळे अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून माणूस बघतो तसं ते बघत होते.

"थोरली येऊ दे," ते म्हणाले. "तिला विचारू."

"अप्पा, खरंच सांगतेय. सुधारणा आहे म्हणाल्या, पण हा काढला तर... आकडा बघा, उतरतोय."

आकडा नव्वद झाला होता. ते तिकडे वळले नाहीत. ती वाकली आणि मास्क उचलून त्यांच्या तोंडाशी न्यायला लागली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. चाळीस वर्षं स्क्रू पिळलेला हात होता तो. जोर नव्हता उरला, पण पकड पक्की होती.

"येईलच ती," ते म्हणाले, धाकटीलाच धीर देत असल्यासारखे.

अठ्ठ्याऐंशी. तिने मोकळ्या हाताने उशाजवळचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. दाराबाहेर दिवा लागला. परिचारिकेची खुर्ची इथून दिसत होती, ती रिकामी होती. सत्त्याऐंशी. अप्पा शांतपणे दाराकडे बघत होते. थोरलीला खाली जाऊन पाचच मिनिटं झाली होती, आणि औषधांच्या खिडकीपुढे या वेळी रांग असायची.